रेडिओतला ओळखीचा हात

शहापुरात आमच्या घरी कोण काय करतंय हे बघायला उठावं लागत नसे. बसल्या जागी ऐकलं की कळे. पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डे खणून बसवलेले चार माग होते आणि प्रत्येक मागावरचा माणूस त्याच्या ठोक्यावरून ओळखू येई. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ठोका जड आणि एकसारखा असे. कामाला येणारे दोघे विणकर होते, त्यांतला एक घाईघाईने चार ठोके मारून तंबाखू मळायला थांबे. आणि माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, तो आडव्या सुताचा धोटा डावीकडून फेकताना किंचित अडे. लहानपणी त्याच्या डाव्या अंगठ्याला मागाच्या फणीचा मार बसला होता, तेव्हापासून त्या बाजूला त्याचा हात क्षणभर थांबायचा. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणारी आई मान वर न करता मला सांगे, "अण्णा उठला बघ मागावरनं, पाणी दे जा त्याला." गल्लीतही हेच चाले. एकदा शेजारच्यांचा जावई हौसेने मागावर बसला, तर दोन-चार ठोके पडायच्या आत पलीकडच्या घरातून हाक आली, "अवो, पाव्हणं बसल्यात काय मागावर? उठवा त्यास्नी, सूत तुटंल!"

रिया आणि ईशान, माझ्या नातवंडांनो, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका सवयीवर उभं आहे. आमच्या गल्लीत माणसाचा हात कानाला कळतो यात कुणालाच नवल वाटत नसे. तुमच्याकडे दारावरची घंटा वाजली की कोण आलंय हे पडद्यावर बघतात, तितकंच ते साधं होतं.

आता माणसं सांगते. अण्णा मॅट्रिक झाला आणि मागावर बसायचं नाही असं त्याने ठरवलं. लढाई सुरू झाल्यावर तो फौजेत गेला, पण बंदुकीच्या कामावर नव्हे, बिनतारी निरोप पाठवण्याच्या कामावर. सुट्टीवर आला तेव्हा आप्पांनी घाईने त्याचं लग्न लावलं. निपाणीची मुलगी केली, इंदू. थोडे दिवस घरात राहून अण्णा मलायाकडे गेला. पुढे सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्याची पत्रं थांबली. सरकारी कागद आला त्यात एकच शब्द कामाचा होता, बेपत्ता. तुम्ही वाट बघत बसू नये म्हणून आत्ताच लिहिते की अण्णा परत आला नाही. तो कुठे आणि कसा गेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. हे प्रकरण त्याच्याविषयी नाही. ते त्याची आई आणि त्याची बायको, या दोघींविषयी आहे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि बेळगाव कँपातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत जात होते. शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांचं, त्यामुळे मी रोज सकाळी वेणी घालून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जाई आणि संध्याकाळी भुकेली होऊन परत येई.

इंदूवहिनी माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिचे वडील, तात्या, निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, त्यामुळे तिची ट्रंक उघडली की घरभर तंबाखूचा उग्र वास सुटे आणि आम्ही शिंकत असू. ती स्वतः कधी शिंकत नसे, त्याचा तिला अभिमान होता. मराठी सातवीची फायनल परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. आमच्या घरात तिच्या वाट्याला सुताच्या कांड्या भरणं, दुपारचं दळण आणि आईच्या हाताखालचा स्वयंपाक आला होता. लढाईमुळे तांदूळ मोजून मिळे. आंबेमोहोराच्या भातावर वाढलेली आमची माणसं नाचणीच्या आंबिलीवर आणि जोंधळ्याच्या भाकरीवर आली. वहिनी भाजलेल्या शेंगा आणि लाल मिरच्या उखळात कुटून चटणी करी, ती इतकी झणझणीत असे की आप्पा नाक पुसत म्हणत, "ह्यात निपाणीची तंबाखू घाटलीस काय गं पोरी?" आणि वहिनी पदराआड हसे. नवरा बेपत्ता असलेल्या बाईने किती हसावं याचा हिशेब गल्लीत होता, आमच्या घरात मात्र आप्पांमुळे तो फारसा चालला नाही.

रेडिओ आप्पांनी अण्णासाठी घेतला, म्हणजे त्याच्या पलटणीची काही बातमी कळेल म्हणून. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून तो मिळाला. आमच्याकडे वीज नव्हती. तो एका जड बॅटरीवर चाले, आणि ती भरून आणायला हातगाडीवर घालून बेळगावात न्यावी लागे. म्हणून संध्याकाळच्या बातम्यांच्या आगेमागेच तो लावत असू. देणाऱ्या माणसाने आप्पांना सांगितलं की छपरावर तांब्याची तार जरा लांब ताणा, आवाज चांगला येईल. विणकराला लांब ताणायला सांगायचं म्हणजे काय होतं ते बघा. आमच्या गल्लीत सुताला खळ लावायची असली की ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांबांवर ताणत. आप्पांनी तेच खांब उंच करून घेतले आणि आमच्या खिडकीपासून मारुतीच्या देवळापर्यंत तार नेली, मधे कुठेही झोळ नाही, बोटाने छेडली तर वाजेल अशी. पुढे शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलं की घरगुती यंत्राला याच्या दहाव्या हिश्श्याची तारही पुरते, आणि एवढी लांब तार असली की यंत्र नको ते सगळंही ओढून घेतं. आप्पांना तेव्हा ते कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी तार कापली नसती.

नको ते जे आलं ते संक्रांतीनंतर यायला लागलं. बातम्यांच्या थोडं आधी, काटा ठरावीक जागी असला की आवाजाच्या मागून एक बारीक शीळ ऐकू येई, तुकड्यातुकड्यांनी. एक लांब, दोन आखूड, मधेच गप्प, पुन्हा सुरू. आप्पा वैतागून काटा इकडेतिकडे फिरवत. एका संध्याकाळी ते काटा फिरवणार एवढ्यात आई आतून आली. तिचे हात पिठाचे होते.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"अगं, बिघडलंय ते."

"बिघडलंय कशानं? हात वळखंना व्हय तुमाला?" आई खाली पाटावर बसली आणि तिने डोळे मिटले. "बघा, आता अडंल. हां. डावीकडनं अडला. अण्णा हाय त्यो."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खरोखरच ती शीळ दर थोड्या वेळाने अडत होती, चालता चालता एकदम थांबे आणि मग घाईने पुढे जाई. अण्णा हेच काम करायला फौजेत गेला होता हे आम्हाला माहीत होतं. शिवाय आई हात ओळखण्यात कधी चुकत नसे हेही माहीत होतं. मी इंग्रजी शाळेत जाणारी, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर मलाही काही क्षण ते खरं वाटलं.

त्या दिवसापासून आई रोज त्या वेळी पाटावर येऊन बसे. भाकऱ्या अर्ध्या टाकून येई. शीळ थांबली की उठे आणि पुन्हा तव्यापाशी जाई. रडत नसे. उलट तिची तब्येत सुधारली. जेवायला लागली. गल्लीतल्या बायका विचारत, "काय अक्का, काय म्हन्तोय पोरगा?" आणि ती सांगे, "बराय म्हन्तोय."

होळीला तात्या आले. त्या दिवसांत पेट्रोल नसल्याने मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. निपाणीहून बेळगावला येईपर्यंत माणूस काजळीने माखून जाई. तात्यांनी आल्या आल्या तोंड धुतलं, गुळाची ढेप आईपुढे ठेवली आणि पानाचं तबक येईपर्यंत हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "विहीणबाई, पोरगी सातवी पास हाय. पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जूनपास्नं घेत्यात. मास्तरीण हुईल. जावईबापू आले तर सोनंच हाय, तिचं शिक्षान कुठं वाया जात न्हाय. पण तवर नुसत्या कांड्या भरत बसायचं म्हंजे..."

"आले तर?" आई म्हणाली. "रोज बोलालाय त्यो आमच्यासंगट. तुमी आज थांबा, तुमालाबी ऐकवती."

तात्या थांबले. त्यांनी ऐकलं. त्यांना शीळ ऐकू आली, पण जावई ऐकू आला नाही. विहिणीला तसं म्हणणं त्यांच्याने झालं नाही. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

"नवरा हाक मारत असताना बायकू घर सोडून जाती काय?" आई म्हणाली. "तुमीच सांगा."

जाताना दारात तात्या आप्पांना हळूच म्हणाले की मे महिन्याच्या आत कळवा, नंतर जागा राहत नाही. हे वहिनीने ऐकलं आणि मीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्यावर तिच्या समोर बसले होते. खुंटा दोघींच्या हातात. ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या शाळंत ते टिकटिक शिकीवलंय म्हनालीस न्हवं?"

ती मला वन्सं म्हणे आणि त्याच वाक्यात एकेरीवर येई. मी म्हटलं, "झेंड्यांचं येतंय, लांब-आखूड तीच अक्षरं. कवायतीच्या बाईंनी शिकवलंय. कानानं न्हाय येत."

"कानाचं मी बघती. तू अक्षर सांग."

"कशाला पण?"

जातं थोडा वेळ फिरलं. मग ती म्हणाली, "ते असले तर मी हितंच ऱ्हाती, शालू. जलमभर कांड्या भरती, मला काय न्हाय त्याचं. पन नसले तर मला कळू दे. दोन्हीच्या मधी किती दीस बसू?"

आमचं काम असं चाले. संध्याकाळी आई डोळे मिटून पाटावर, आम्ही दोघी तिच्या मागे भिंतीला टेकून. वहिनीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेली लय ती जशीच्या तशी बोटाने माझ्या तळव्यावर उठवी, लांब असेल तर बोट ओढून, आखूड असेल तर नुसतं टेकवून. मी ते अक्षर ओळखून मांडीवरच्या पाटीवर लिही. मी मंद होते. एक अक्षर आठवेपर्यंत तीन निघून जात. पहिल्या काही दिवसांत पाटीवर जमलं ते असं: एफ, एल, पी, पुन्हा एफ. मला वाटलं ही गुप्त लिपी असणार. सिनेमात तेव्हा तसंच असे.

हळूहळू हात बसला. एका संध्याकाळी वहिनीने सलग तीन अक्षरं दिली, एस, टी, यू. मी लिहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग चौथं यायच्या आत मी पाटीवर व्ही लिहून ठेवलं. तेच आलं. मी डब्ल्यू लिहिलं. तेही आलं. पुढे एक्स, मग बराच वेळ अडून वाय, झेड, आणि थोड्या शांततेनंतर ए.

आई उठून आत गेल्यावर वहिनीने विचारलं, "काय म्हन्तोय?"

"काही म्हणत न्हाय. एबीसीडी म्हणतोय. परत परत."

"म्हंजे?"

"म्हंजे कुणीतरी शिकतंय, वहिनी. अण्णा एवढ्या लांबनं एबीसीडी कशाला पाठवील?"

तिने पाटी पुसली. मग म्हणाली, "इसरले असले तर? मार बसून इसरतंय मानूस."

तिला मोकळं व्हायचं होतं म्हणून ती अण्णा नसण्याकडे झुकली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. ती दोन्ही बाजू सारख्याच कडकपणे तपासत होती, आणि तिच्याइतकी नीट तपासणी पुढे मी कॉलेजातही फार थोड्यांना करताना पाहिली. दोन रविवार गेल्यावर तिनेच मला घरामागच्या परड्यात गाठलं. "ऐतवारी येत न्हाय ती शीळ. ध्यानात आलंय तुझ्या? आपलं माग अमावास्येला बंद असत्यात, अमावास्येला ती आली. ऐतवारी न्हाय आली. कैद्याला ऐतवारची सुट्टी देत्यात व्हय गं?"

मग मी शाळेत कवायतीच्या बाईंना विचारलं. मिस हेन्री म्हणून होत्या, कँपातच राहत, उन्हात तोंड लाल होई. त्यांनी आधी दार लावलं. मग इंग्रजीत म्हणाल्या की हे तू कुणाला सांगितलंस? मी म्हटलं, अक्षरांचं फक्त वहिनीला. तेव्हा त्यांचा चेहरा सैल पडला. त्या म्हणाल्या, सांबऱ्याला विमानतळ झालाय, तिथे नवी मुलं बिनतारी निरोप शिकतात, हातात छोटं यंत्र देऊन त्यांना संध्याकाळी मुळाक्षरं पाठवायला लावतात. बाईंचे भाऊच त्यांना शिकवत. "आणि सध्या जो बसतो ना," बाई म्हणाल्या, "त्याला क्यू येत नाही. वायला पण अडतो. माझा भाऊ रोज जेवताना त्याच्या नावाने कपाळावर हात मारतो. ऐकायचं तर ऐका, पण लिहून ठेवू नका आणि बाहेर बोलू नका."

क्यू आणि वाय. आईने ओळखलेला अडणारा हात तो. सांबरा आमच्या घरापासून बैलगाडीच्या अंतरावर, आणि आमची तार मारुतीच्या देवळापर्यंत.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माग थांबवला नाही. शेवटी म्हणाले, "मला वाटलंच हुतं." मी विचारलं, आईला कोण सांगणार? "जेवाय लागलीया ती," आप्पा म्हणाले. "मी न्हाय सांगनार. तू सांगतीस?" मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "सुनंनं सांगिटलं तर आत्याबाईंस्नी वाटंल, जायाच्या घाईनं मेला म्हन्तीया." ते अगदी बरोबर होतं. असा चैत्र गेला, तात्यांचा निरोप दोनदा आला, आणि खरं काय ते माहीत असलेली आम्ही तिघं रोज संध्याकाळी आईच्या मागे बसून तिचा मुलगा ऐकत होतो.

वहिनीचा नाद मात्र सुटला नाही. तिला इंग्रजी मुळाक्षरं अशी कानाने आली, डोळ्यांनी फार नंतर आली. यंत्र पुसताना तिला एक गोष्ट सापडली होती. काटा एका विशिष्ट जागी ठेवला की रेडिओतून आपोआप बारीक शीळ निघे, आणि खिडकीबाहेरच्या जोडावरून तांब्याची तार उचलली की ती बंद होई. तार टेकवली की शीळ, उचलली की गप्प. म्हणजे तारेने तिला हवं ते अक्षर आमच्याच रेडिओतून वाजवता येई. आई नसताना आम्ही तो खेळ करत असू. वहिनी बाहेर बोळात खिडकीखाली उभी राहून तारेचं टोक हलवी आणि मी आत यंत्रापाशी बसून अक्षर बरोबर आलं की नाही ते सांगे.

मेच्या सुट्टीतल्या एका दुपारी आई आत चुलीपाशी गुंतलेली होती. रात्रीच्या भाकऱ्या ती उन्हं कलायच्या आधीच करून ठेवायला बसली होती. दोन्ही विणकर जेवायला गेलेले, आप्पा बाजारात, माग बंद, घर शांत. वहिनीने बाहेरून सुरुवात केली. ए, बी, सी. जी-एच पर्यंत आली असेल, आणि आई पीठ लागलेल्या हातांनी आतून आली, नेहमीच्या पाटावर बसली, आणि तिने डोळे मिटले.

"आला गं," ती म्हणाली. "आज लौकर आला."

मी "वहिनी" म्हणून हाक मारली. शिळेत ती विरून गेली असावी. अक्षरं चालूच राहिली. एम, एन, ओ, पी. वहिनीला माझी हाक ऐकू गेली होती का, गजांतून आई दिसत होती का, हे मी तिला नंतर कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. क्यूपाशी शीळ थांबली. क्षण, दोन क्षण. मग घाईने लांब, लांब, आखूड, लांब.

"बघ, अडला," आई म्हणाली. तिच्या तोंडावर हसू होतं. "डावीकडनं. लहानपणापास्नं तसंच हाय त्येचं."

शीळ बंद झाली आणि खिडकीतून वहिनीचा आवाज आला. "शालू, आता बरूबर आलं काय गं? क्यू परत अडला बघ माझा."

आईने डोळे उघडले. गजांपलीकडे वहिनी, हातात तार. मग आईने विचारलं, "तू वाजवत हुतीस?"

"व्हय, आत्याबाई."

"रोजचं बी तूच?"

"न्हाय. रोजचं सांबऱ्याचं हाय. नवी पोरं शिकत्यात तितं."

"आनि ते अडतंय ते?"

वहिनीने तार खाली सोडली. "शिकाऊ मानूस अडतंयच तितं, आत्याबाई. समद्यांचंच अडतंय. माझं बी अडलं."

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. पीठ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. स्वयंपाकघरातून धुराचा वास यायला लागला. "भाकरी करपली," ती म्हणाली आणि उठून आत गेली. रात्री जेवताना ती करपलेली भाकरी तिने स्वतःच्या पानात घेतली आणि पूर्ण खाल्ली. हात धुऊन झाल्यावर आप्पांना म्हणाली, "तात्यास्नी कळवा, न्यायला या म्हनावं."

वहिनी गेली त्या सकाळी आईने तिची ट्रंक भरली. शेंगाचटणी, मेतकूट, शहापूरची दोन नवी लुगडी, काठ आप्पांनी स्वतः विणलेले. तात्या मोटारीची वेळ झाली म्हणून घाई करत होते. आईने देवापुढच्या करंड्यातलं कुंकू घेऊन वहिनीच्या कपाळावर लावलं, नेहमीपेक्षा मोठं. "शिकाय चाललीयास," ती म्हणाली. "सोडून न्हाय चाललीस. तितं कुनी कपाळाकडं बघून काय इचारलं तर सांग, सासूनं लावलंय." वहिनी वाकली, आईने तिला वर उठवून धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. वहिनी पुढे शिक्षिका झाली, चिकोडीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. ते कुंकू तिने कधी पुसलं नाही. त्यावर कुणी काही विचारलं की ती सासूचं नाव सांगे. तो विश्वास होता की हट्ट, मला माहीत नाही. तिने विषय काढला नाही.

वहिनी गेली त्याच संध्याकाळी मी रेडिओ लावला नाही. आई येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "लाव की."

"आई, तो सांबऱ्याचा..."

"ठावं हाय मला. लाव."

मी लावला. शीळ आली. क्यूला अडली. आईने या वेळी डोळे मिटले नाहीत. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "कितीसं असंल गं वय त्येचं?" मी म्हटलं, अण्णाएवढं असेल, लहानच असेल थोडा. त्यानंतर ती रोज येऊन बसायला लागली, पूर्वीसारखीच, फक्त आता ती आम्हाला काही सांगत नसे. पावसाळा सुरू झाला, तारेवरून पाणी ठिबकायचं आणि रेडिओ खरखरायचा, तरी ती ऐके. हळूहळू त्या मुलाचा हात सुधारला. आधी वाय सुटला, मग क्यू. एका संध्याकाळी त्याने ए पासून झेडपर्यंत कुठेही न अडता सगळं पाठवलं, सपासप, सरावलेल्या विणकरासारखं. "बसला हात पोराचा," आई म्हणाली. तिला बरं वाटलं असं मला दिसलं.

पुढच्या सोमवारी शीळ आली ती अगदी सावकाश. ए, आणि मग मोठी शांतता. बी, तोही चुकलेला, पुन्हा पहिल्यापासून.

"ह्यो कोन?" आईने विचारलं.

"नवीन असंल," आप्पा म्हणाले.

"आनि त्यो पहिला कुठं गेला?"

"शिकून झालं न्हवं त्येचं. धाडला असंल."

"कुठं?"

आप्पांनी अडकित्ता हातात घेतला, पण सुपारी कातरली नाही. बाहेर पाऊस पडत होता. रेडिओत तो नवा मुलगा सी पाशी अडला, थांबला, पुन्हा चुकला, पुन्हा ए वर आला. आई पाटावरून पुढे सरकली आणि यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन, मागावर पहिल्यांदा बसलेल्या पोराला सांगावं तशी त्याला म्हणाली, "सावकाश रं बाबा. सावकाश शीक. काय घाई न्हाय."